व्हर्जिनियातल्या जमीनदार घराण्याची वंशावळ लावताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या वसाहतकाळातल्या व्हर्जिनियात रॉबर्ट कार्टरएवढी जमीन फार थोड्यांकडे होती. सुमारे 3 लाख एकर! लोक त्याला 'किंग' कार्टरच म्हणत. पण त्याच्या घराण्याची वंशावळ लावायला घेतली की गाडी पहिल्याच वळणावर अडते, कारण मुलाचं नाव रॉबर्ट आणि नातवाचंही रॉबर्ट.

त्यातही 1732 साल फार फसवं आहे. त्या वर्षी आधी मुलगा गेला, मग काही महिन्यांत बाप. 'रॉबर्ट कार्टर, मृत्यू 1732' एवढंच दिसलं म्हणून दोघांना एक समजलात, तर मधली अख्खी पिढी गळते आणि नातू आजोबांचा मुलगा होऊन बसतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, तिथे ती सोय नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे त्याच्या मळ्याचं नाव लिहा: आजोबा कोरोटोमनचे, नातू नोमिनी हॉलचा. माणसं नावाने नाही, जमिनीने ओळखायची. कोणती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे मृत्युपत्रं आणि खरेदीखतं सांगतात.

सगळी मुलं एकाच आईच्या नावावर घालू नका. किंग कार्टरची दोन लग्नं झाली: आधी ज्युडिथ आर्मिस्टेड, तिच्या मृत्यूनंतर 1701 मध्ये एलिझाबेथ लँडन. एका मुलाचं नावच लँडन आहे. आईचं माहेरचं आडनाव असं मुलाच्या नावात पुष्कळदा सापडतं. शिवाय नवऱ्याने जमीन विकली की बायकोला कोर्टात त्या जमिनीवरचा आपला हक्क सोडावा लागे. त्या नोंदीत तिचं नाव मिळतं, ती वगळू नका.

तारखांचं थोडक्यात: 1752 पर्यंत तिथे नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. जुन्या कागदावरचा फेब्रुवारी 1727 म्हणजे आपला फेब्रुवारी 1728. मूळ नोंद आहे तशी ठेवा आणि दोन्ही वर्षं लिहा.

बाहेरून वसाहतीत माणसं आणली की आणणाऱ्याला माणशी 50 एकर मिळत. आणलेल्यांची नावं जमीन मिळाल्याच्या कागदावर असतात, पण कागदाचं वर्ष म्हणजे त्यांच्या येण्याचं वर्ष नव्हे. हे हक्क विकले जात, वर्षानुवर्षं पडून राहत.

आता सगळ्यांत मोठी चूक. या जमिनी गुलामांच्या श्रमावर उभ्या होत्या आणि मालमत्तेच्या याद्यांत त्यांची नावं भांडीकुंडी, गुरंढोरं यांच्या शेजारी लिहिलेली असतात. अनेक जण ती पानं उलटून पुढे जातात. कृपया जाऊ नका. 1662 च्या कायद्याने आई गुलाम असली की मूलही गुलाम ठरायचं, त्यामुळे कागदांत आई-मुलाचं नातं बापापेक्षा जास्त सापडतं. नोमिनी हॉलच्या नातवाने 1791 मध्ये सुमारे 500 जणांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याचा दस्त केला. पूर्वीच्या गुलामांची नावं पहिल्यांदा नोंदवणाऱ्या 1870 च्या जनगणनेपासून मागे येणाऱ्या कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध अशाच कागदांपाशी पोचतो. अशी यादी हाती लागली, तर प्रत्येक नाव, वय आणि मळ्याचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या आणि वंशावळीसोबतच जोडा.