व्हेपमुळे तोंड कोरडं पडतं तेव्हा काय करायचं

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्याच्या घशाला कोरड पडली की सल्ला ठरलेला असतो: भरपूर पाणी पी. मग माणूस लिटरभर पाणी एका दमात पितो, दहा वेळा लघवीला जातो आणि घसा होता तसाच राहतो. कारण पाणी बहुतेक वेळा शरीरात कमी झालेलं नसतं, ते तोंडाच्या आणि घशाच्या अस्तरावर कमी झालेलं असतं.

व्हेपमध्ये तापून ज्याची वाफ होते त्या लिक्विडचा मोठा भाग प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचाच असतो. बोलताना लोक त्यांना पीजी आणि व्हीजी म्हणतात. दोन्ही पदार्थ ओलावा शोषून घेतात. वाफ जीभ, टाळू, घसा यांवर बसते आणि तिथला पातळ ओलसर थर ओढून घेते. पण हिशेब करून बघा. दिवसाला 3 मिली लिक्विड संपलं आणि त्याने स्वतःच्या दुप्पट पाणी शोषलं असं धरलं, तरी ते 6 मिली होतं, म्हणजे चमचाभर. नुसत्या श्वासातून आणि त्वचेतून दिवसाकाठी याच्या कितीतरी पट, अर्ध्या लिटरहून जास्त पाणी जातं. निकोटिनमुळे लघवी वाढते हेही खरं नाही. निकोटिन उलट लघवी रोखणारं संप्रेरक स्रवायला लावतं.

म्हणून आधी कोरडेपणा कुठला ते ओळखा. दुपारची लघवी बघा. सकाळची पहिली धरू नका, ती कुणाचीही गडदच असते. आणि बी-व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर रंगावर विसंबू नका. लघवी फिकट पिवळी असेल आणि नेहमीइतक्या वेळा होत असेल, तर शरीरात पाणी पुरेसं आहे, अडचण तोंडात आहे. गडद आणि थोडी होत असेल, उभं राहताना डोकं हलकं होत असेल, तर पाणी खरंच कमी पडलंय. त्यामागे बहुधा ऊन, व्यायाम, दारू, जुलाब असं काहीतरी सापडेल. तेव्हा पाणी घोटाघोटाने प्या, उलट्या-जुलाब झाले असतील तर ओआरएस घ्या.

तिसरी शक्यता लोक हमखास विसरतात. डोकं दुखतंय, मळमळतंय, छातीत धडधड, घाम, आणि हे सगळं सलग ओढल्यानंतर लगेच? हा निकोटिनचा अतिरेक आहे. बाटलीवरचा आकडा वाचा: 20 मिग्रॅ प्रति मिली लिहिलं असेल तर 2 मिलीच्या पॉडमध्ये, म्हणजे लिक्विडच्या छोट्या डबीत, 40 मिग्रॅ निकोटिन असतं. निकोटिन सॉल्टचं (निकोटिनच्या क्षाररूपाचं) लिक्विड घशाला फारसं टोचत नाही, त्यामुळे किती ओढलं ते कळतच नाही. इथे पाण्याने काही होणार नाही. व्हेप बाजूला ठेवा आणि मोकळ्या हवेत बसा. उलट्या थांबत नसतील, अंग थरथरत असेल किंवा गुंगी येत असेल तर थेट दवाखाना.

तोंडाच्या कोरडेपणावर मोठ्या घोटापेक्षा वारंवार ओलावा कामाला येतो. ओढून झालं की घोटभर पाणी दहा सेकंद तोंडात खळखळवा, मग गिळा किंवा थुंका. त्यानंतर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं बिनसाखरेचं च्युइंगम दहा-पंधरा मिनिटं चघळा, म्हणजे लाळ सुटते. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा, कोरडेपणा वाढतो. झोपेत लाळ तशीही कमी होते, म्हणून झोपण्याआधीचा तासभर व्हेप नको. रात्री फ्लोराइड पेस्टने दात घासून फेस फक्त थुंका, वर चूळ भरू नका. लाळ कमी म्हणजे दातांवरचं आम्ल धुतलं जात नाही. गोड फ्लेवरचं ग्लिसरीन दातांवर चिकटून राहतं ते वेगळंच.

पीजी कमी करून पाहता येतं. 50:50 ऐवजी 30 भाग पीजी आणि 70 भाग व्हीजी घेतलं तर अनेकांचा घसा कमी खवखवतो. पण व्हीजी घट्ट असतं. छोट्या पॉडच्या बारीक छिद्रांतून ते आतल्या लिक्विड शोषणाऱ्या कापसापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, आणि कापूस कोरडा असताना कॉइल (लिक्विड तापवणारी तार) तापली की जळका, घसा कापणारा झुरका येतो. त्यात फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलीनसारखे त्रासदायक वायू असतात, तेव्हा तो झुरका पुरा करू नका. कॉइल बदला, लिक्विड भरल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, वॅट कमी ठेवा. मेंथॉलच्या गारव्याने घसा बरा वाटतो, पण कोरडेपणा तसाच असतो, फक्त जाणवत नाही.

हे सगळे उपाय त्रास कमी करतात, कारण काढून टाकत नाहीत. कारण काढायचं तर ओढणं थांबवायला हवं. सोडताना निकोटिनचा आधार हवा असेल तर डॉक्टरांना पॅचबद्दल विचारा. त्यात तोंडाच्या अस्तराला काही लागत नाही, निकोटिनचं च्युइंगम आणि लॉझेंज (चोखायच्या गोळ्या) मात्र तिथेच चुरचुरतात.

दोन आठवडे ओढणं बंद किंवा अगदी कमी करूनही कोरड राहिली, तर तपासून घ्या. तहान खूप आणि लघवीही खूप होत असेल तर रक्तातली साखर. सर्दी-ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं. जिभेवर पांढरे चट्टे दिसले, गिळताना दुखलं किंवा दम लागला, तर दोन आठवडे थांबू नका. जाताना बाटली सोबत न्या आणि दिवसाला किती मिली संपतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे लिहून ठेवा.