शिडाच्या होडीवर करिअर करायचंय? आधी थुरियावरची सुटका समजून घ्या

समुद्रावर शिडाची होडी चालवायला शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, होडी बुडायला लागली तर काय करायचं? या प्रश्नावर मी त्यांना थुरिया या शिडाच्या होडीची हकिकत सांगते. ती आपल्या जवळची आहे. थुरिया गोव्यात दिवाडी बेटावरच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली, लांबी जेमतेम ३२ फूट, डोलकाठ्या दोन. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी तिच्यावर १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधून गोल्डन ग्लोब शर्यतीला निघाले. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा, तीही सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जागा काढायचं यंत्र) आणि कागदी नकाशांवर.

२१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने होडी पालथी केली. होडी पुन्हा सरळ झाली, पण डोलकाठ्या मोडल्या होत्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला होता. उठता येत नव्हतं. सगळ्यात जवळचं मोठं शहर म्हणजे ऑस्ट्रेलियातलं पर्थ, तेही सुमारे १९०० सागरी मैलांवर.

नव्या माणसाला वाटतं, आता राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगवता येणारा तराफा, फुगवावी आणि बाहेर पडावं. टॉमी होडीतच पडून राहिले आणि तेच बरोबर होतं. मोडकी असली तरी ती तरंगत होती. शोधाची सूत्रं कॅनबेराच्या बचाव केंद्राने हलवली. मॉरिशसहून उडालेल्या आपल्या नौदलाच्या पी-८आय विमानाने होडी हेरली आणि २४ सप्टेंबरला ओसिरिस या फ्रेंच मत्स्यगस्ती जहाजाच्या लोकांनी छोट्या बोटीतून जाऊन त्यांना स्ट्रेचरवर उचललं. त्याच वादळात डोलकाठ्या गमावलेला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन तात्पुरतं शीड उभारून टॉमींच्या दिशेने निघाला होता. त्यालाही ओसिरिसनेच घेतलं. समुद्रावरची माणसं एकमेकांसाठी असं करतात. या पेशात येण्याचं माझ्या दृष्टीने हे सगळ्यात मोठं कारण आहे.

या हकिकतीतला एक बारकावा मी मुद्दाम ठासून सांगते. सॅटेलाइट फोन आणि हातातला व्हीएचएफ रेडिओ सेट असलेली आणीबाणीची पिशवी टॉमींनी भरून जवळच ठेवली होती. पण कणा दुखावलेल्या माणसाला ती थोडी दूर असली तरी हाती लागत नाही. म्हणून कुठल्याही होडीवर चढलात की पिशवी पाहा आणि स्वतःला विचारा, मी बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, आडवी आहे, एकच हात चालतोय, अंधार आहे, तर ती मला सापडेल का? मी प्रत्येक नव्या खलाशाला डोळे मिटून पिशवी, इपर्ब (संकटाचा सिग्नल पाठवणारं उपकरण) आणि पाणी उपसायचा पंप शोधायला लावते. शिडं बांधायला नंतर शिकवते.

होडी सोडायची केव्हा, हे १९७९च्या फास्टनेट शर्यतीने जगाला फार महागात शिकवलं. आयर्लंडच्या दक्षिणेला वादळाने ३०३ होड्यांच्या ताफ्याला झोडपलं, १५ स्पर्धक गेले. २४ होड्या खलाशांनी सोडून दिल्या, पण त्यांतल्या बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. तेव्हापासून जगभर शिकवतात की राफ्टमध्ये वर चढून जायची वेळ आली, म्हणजे होडी खरोखर खाली गेली, तरच जा.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये याच गोल्डन ग्लोबच्या पुढच्या शर्यतीत फिनलंडच्या तापिओ लेहतिनेनची अस्तेरिया ही होडी दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला काही मिनिटांत बुडाली. तिथे विचार करायला वेळच नव्हता. तो राफ्टमध्ये गेला आणि जवळपास एका दिवसाने किर्स्टन नॉयशेफर या दुसऱ्या स्पर्धकाने आपली होडी वळवून त्याला उचललं. तिने शर्यतही जिंकली, आणि दुसरे आले अभिलाष टॉमी, पाठीत टायटॅनियम घालून.

राफ्ट वापरायची सवय तलावातच होते. मर्चंट नेव्हीत जाणाऱ्यांना पीएसटी हा जीव वाचवण्याचा कोर्स सक्तीचा आहे. परदेशी यॉटवर डेकहँड, म्हणजे डेकवरचा खलाशी, म्हणून जायचं असेल तरी एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं प्रमाणपत्र मागतातच, आणि दर पाच वर्षांनी त्याची उजळणी करावी लागते. प्रमाणपत्रापुरता हा कोर्स उरकू नका. उलटी पडलेली राफ्ट सरळ करताना ती फुगवणाऱ्या गॅस सिलिंडरच्या बाजूला उभं राहून पट्टा ओढत मागे झुकायचं असतं. ती अंगावर येते, क्षणभर श्वास कोंडतो, आणि पाठीवर तरंगत तिच्याखालून निसटायचं असतं. हे वाचून जमत नाही. संधी मिळाली तर पुन्हा पुन्हा करा, कपडे आणि बूट घालून करा. आणि राफ्ट पाण्यात टाकण्याआधी तिचा दोर होडीला बांधलेला आहे ना, हे स्वतःच्या हाताने तपासा. वारा तिला क्षणात लांब नेतो.

आत गेल्यावर उलटी थांबवायची गोळी सगळ्यांनी घ्यायची, ज्याला बरं वाटतंय त्यानेही. उलट्यांनी अंगातलं पाणी जातं आणि थंडी लवकर चढते.

आता कागदांचं. इपर्बचा सिग्नल उपग्रहामार्फत जातो. भारतीय कोड असलेल्या उपकरणाची नोंद इस्रोच्या बंगळुरूमधल्या केंद्राकडे असते. सिग्नल आला की नोंदीतल्या नंबरवर फोन करून विचारतात, होडी खरंच बाहेर आहे का, किती माणसं आहेत. तो फोन उचलणाऱ्याला तुमचा मार्ग आणि सोबत्यांची नावं माहीत हवीत. होडीचा मालक बदलला, घरचा नंबर बदलला, तर नोंदही त्याच आठवड्यात बदलून घ्या. किनाऱ्याजवळ असाल तर व्हीएचएफचं संकटाच्या हाकेचं चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर घरच्यांकडेही लिहून ठेवलेला असू द्या.