गाईचं दूध बंद झालं, आता लेकराला काय द्यायचं?

माझी नात पावणेदोन वर्षांची आहे. लेक आणि सूनबाई सकाळी नाशिकच्या अंबडला कामावर जातात, दिवसभर ती माझ्याजवळ असते. तिला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तेव्हापासून तिचं खाणंपिणं मी बघते. इंदिरानगरच्या बागेत भेटणाऱ्या आया-आज्या हमखास विचारतात, "मग दुधाऐवजी देता तरी काय?" त्यांच्यासाठी नीट लिहून काढते आहे.

आधी काय द्यायचं नाही ते सांगते, कारण घोटाळा तिथेच होतो. ही ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते, केसीन आणि व्हे यांची. दूध पचत नाही, पोट फुगतं, तो लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा त्रास निराळा. त्यामुळे लॅक्टोज काढलेलं दूध या मुलांना चालत नाही. देशी गाईचं म्हणून विकलं जाणारं ए-टू दूधही नाही आणि म्हशीचंही नाही. शेळीच्या दुधाचा आग्रह तर आपल्याकडे फार होतो. पेठ-सुरगाण्याकडचं ओळखीचं माणूस मायेने आणूनही देतं. पण शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांसारखीच असतात आणि गाईचं न चालणाऱ्या बहुतेक मुलांना तेही बाधतं. घेऊ नका, समोरच्याला समजावून सांगा.

आपल्या मनाने मात्र दूध तोडू नका. काही मुलांना दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. काहींना उशिरा त्रास होतो: इसब वाढतो, शीतून आव-रक्त पडतं. या दुसऱ्या प्रकारात रक्ताच्या तपासणीत काही सापडत नाही, म्हणून डॉक्टर दोन ते चार आठवडे दूध बंद करून, मग पुन्हा देऊन खात्री करतात. बाळाला धाप लागली, आवाज बसला किंवा ते मलूल पडलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध, नाहीतर डॉक्टरांनी लिहून दिलेला खास फॉर्म्युला. सोया, बदाम वगैरे पेयं त्या वयात दुधाच्या जागी द्यायची नाहीत. पुढचं सगळं वर्षावरच्या मुलांसाठी आहे.

कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मोठ्या दुकानांत आता एक अख्खी फळी दुधाऐवजीच्या पेयांच्या खोक्यांनी भरलेली असते. त्यावर 'दूध' असं लिहिलेलं नसेल. सोया ड्रिंक, आल्मंड ड्रिंक, ओट ड्रिंक अशी नावं असतात. पुढचं चित्र सोडा, खोकं फिरवून मागचा तक्ता वाचा. शंभर मिलिलिटरला तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत आणि कॅल्शियम वरून घातलेलं, साधारण १२० मिलिग्रॅम. साखर नसलेलं घ्या. या कसोटीला बहुधा सोयाच उतरतं. बदामाच्या पेयात बऱ्याचदा एक ग्रॅमही प्रथिनं नसतात, नारळाच्या पेयात त्याहून कमी. महाग म्हणून बदामाचं पौष्टिक, असं अजिबात नाही. तांदळाचं पेय पाच वर्षांखालच्या मुलांना रोज देऊ नये, त्यात आर्सेनिक या विषारी द्रव्याचं प्रमाण जास्त असू शकतं. आणि खोकं हलवून मगच ओता, कॅल्शियम तळाशी बसतं.

दूध न चालणाऱ्या काही मुलांना सोयाही चालत नाही. डॉक्टरांना विचारून, सकाळच्या वेळी, चमचाभरच देऊन बघा. घरी सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून दूध करता येतं. ते पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळावं लागतं, पण त्यात वरून घातलेलं कॅल्शियम नसतं. त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

खरं सांगायचं तर दुधाचं सगळं काम एका पेल्यावर टाकायचंच नाही, ते दिवसभराच्या ताटात वाटायचं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपल्या नागलीत, म्हणजे नाचणीत, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं. मी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून नागली आणते. निवडून, धुऊन रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवून मंद आचेवर भाजायची, दळून बारीक चाळणीने चाळायची. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून गूळ घालून शिजवते, उतरवल्यावर सोया ड्रिंक आणि वेलची. नुसतं सोया आमची नात थुंकून टाकायची. या पेजेतून तिला त्याची चव लागली. सोया ड्रिंक घातलेली वाटीभर पेज, त्यात चमचाभर भाजलेल्या तिळाचा कूट (तीळ चालतात याची आधी खात्री करून), जेवणात शेवग्याचा किंवा राजगिऱ्याचा पाला घातलेलं मुगाचं वरण, असं जमवलं की आकडा गाठता येतो. पालकातलं कॅल्शियम मात्र अंगी फारसं लागत नाही.

वरण-भातावर तूप नाही, कारण तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो. त्याऐवजी घाण्याचं शेंगदाणा तेल चमचाभर घालते. या वयात स्निग्ध पदार्थ कमी करायचे नसतात. अख्खे दाणे, बदाम मुळीच नाही, घशात अडकतात. आम्ही शाकाहारी, म्हणून दूध गेल्यावर बी-ट्वेल्व्हचा प्रश्न मोठा. डॉक्टरांनी थेंब दिले आहेत, तुम्हीही त्याबद्दल आणि डी जीवनसत्त्वाबद्दल विचारा.

लपलेल्या दुधावर नजर ठेवा. बिस्किटं, टोस्ट, कधी पावसुद्धा. वेष्टनावर घटकांच्या यादीजवळ 'कंटेन्स मिल्क' लिहिलेलं असतं. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिनेट हे शब्दही ओळखा. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी म्हणून असतो, दूधही शाकाहारीच. मिसळीबरोबर दही येतं, जिलेबीच्या पिठात दही असतं. सत्यनारायणाचं तीर्थ, पेढ्याचा तुकडा हे फार नाजूक प्रसंग. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "प्रसादाने काही होत नाही हो." मी नातीचा हात देवापुढे जोडला आणि तिला घरून नेलेलं केळं दिलं. देवाला ते चालतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. घरातही तिचा चमचा, गाळणी, पातेली वेगळी. नवीन औषध आणताना केमिस्टला ॲलर्जी सांगायची, काही प्रोबायोटिक पुड्यांत दुधाचा अंश असतो.

पुष्कळ मुलांची ही ॲलर्जी शाळेत जाईपर्यंत ओसरते. परत सुरुवात करताना डॉक्टर बहुतेक वेळा आधी भरपूर भाजलेल्या पदार्थातलं दूध अगदी थोडं देऊन बघतात. कधी आणि किती, ते त्यांनाच ठरवू द्या. दर भेटीत वजन-उंचीची नोंद फाईलमध्ये करून घ्या, आणि दर सहा-बारा महिन्यांनी स्वतःहून विचारा, "आता पुन्हा तपासायची वेळ आली का?"