फायटर मासा बाऊलमध्ये मरतो काऊन? नागपूरकरांनो, या चुका टाळा

दुकानदार सांगतो, 'भाऊ हा तर डबक्यात राहनारा मासा आहे, पंप नको काही नको', आणि आपण शंभर-दीडशे रुपयांत फायटर अन काचेचा बाऊल घेऊन येतो. मीपण आणला होता, मे महिन्यात, पाचव्या दिवशी गेला बिचारा.

दुकानदाराचं अर्धं खरं आहे. हा मासा मूळचा थायलंडचा, धानाची शेतं, दलदल, संथ उथळ पाण्यातला. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यानं तो वर येऊन सरळ हवेतून ऑक्सिजन घेतो, म्हणून पंपाशिवाय जगतो. पण भंडारा-गोंदियाकडची धानाची बांधी बघितली ना? पाणी घोट्याएवढं पण पसरलेलं किती, त्यात गवत, सावली, किडे. दोन लिटरच्या बाऊलमध्ये यातलं काय आहे? हवा वरून मिळाली तरी त्याच्याच घाणीचा अमोनिया पाण्यातच साचतो अन कल्ले जाळतो, तिथं लॅबिरिंथ काही कामाचा नाही.

दुसरं म्हणजे आपलं ऊन. त्याला २४ ते २८ डिग्री बरं वाटतं, आणि इथं बाहेर ४५, दुपारी खोली तापते, रात्री कूलर सुरू केला की पाणी झपकन थंड. एवढंसं पाणी लगेच तापतं, लगेच उतरतं, माझावाला बहुतेक यातच गेला. म्हणून निदान २० लिटरची टाकी घ्या, खिडकीपासून अन कूलरच्या झोतापासून लांब ठेवा, बर्फ टाकू नका. डिसेंबर-जानेवारीत थर्मोस्टॅटवाला छोटा हीटर लागतोच, नाहीतर मासा तळाशी बसून राहतो, खात नाही, आपल्याला वाटतं आजारी पडला.

टाकी काठोकाठ भरू नका, झाकण लावा पण वर दोन-तीन बोटं हवा राहू द्या, उडीपण मारतो हा. मच्छर मारायचं लिक्विड त्याच खोलीत नको. फिल्टर हळू चालणारा घ्या, कारण ते लांब झालरीसारखे पर माणसानं ब्रीडिंग करून वाढवलेत, रानातल्या फायटरचे छोटेच असतात, जोराच्या धारेत हा दमतो.

पाणी बदलायचं तर आठवड्याला पाव हिस्सा, तेपण अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकून, घासूनपुसून सगळं एकदम नाही. वर फेस दिसला की आई लगेच म्हणते 'पाणी खराब झालं बे, फेक ते'. अगं तो फेस नाही, घरटं आहे त्याचं! नर तोंडातून चिकट बुडबुडे सोडून ते बांधतो, मादीनं अंडी टाकली की तोंडात धरून एकेक त्यात ठेवतो, राखणपण तोच करतो. पण म्हणून मादी आणून सोडू नका, दोन नर तर नकोच नको, एक मरेपर्यंत भांडतात.

मुरमुरे अन ब्रेडचा चुरा बंद करा, मांसाहारी आहे तो, मच्छरच्या अळ्या खानारा. कूलरच्या टाकीतल्या अळ्या चालतील, पण त्या पाण्यात फवारणी झाली नसेल तरच.

आणि कंटाळा आला म्हणून फुटाळा तलावात नेऊन सोडू नका राजेहो, दुकानात परत द्या.