कॅन्सरग्रस्त मुलांसाठी मॅरेथॉन धावणाऱ्याला साथ देताय? या चुका टाळा

माझा धाकटा भाऊ लहान मुलांच्या कॅन्सर उपचारांसाठी निधी गोळा करत मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनची, म्हणजे 42.195 किलोमीटरची तयारी करत होता. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याची उजवी नडगी दुखायला लागली. एका संध्याकाळी तो बर्फ लावत बसला होता, तेव्हा मी म्हणाले, "परळच्या टाटा रुग्णालयात ती पोरं किमो घेऊनसुद्धा हसतात रे. त्यापुढे तुझं नडगीचं दुखणं ते काय!" मला त्याला उभारी द्यायची होती. तो काहीच बोलला नाही. पुढचे तीन आठवडे दुखतंय हे त्याने घरात कुणालाही कळू दिलं नाही, आणि वर्ष संपता संपता हाडाला बारीक चीर गेल्याचं निघालं. त्या वर्षीची शर्यत गेली. पुढच्या वर्षी तो पुन्हा उभा राहिला आणि धावलाही, पण ते तीन आठवडे तो माझ्या एका वाक्यामुळे गप्प राहिला हे मी विसरलेले नाही. तुमच्या घरात, ऑफिसात किंवा मित्रांत कुणी अशा कारणासाठी धावत असेल, तर आम्ही केलेल्या आणि इतरांच्या घरी पाहिलेल्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हे लिहितेय.

मुलांच्या आजाराचा चाबूक करणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती प्रेमापोटीच होते. "त्या मुलांसाठी तरी ऊठ", "ती हार मानत नाहीत, तू कसा मानतोस?" अशी वाक्यं सहज तोंडून जातात. पण ज्याने हे कारण निवडलंय, त्याच्या मनावर त्या मुलांचं ओझं आधीच असतं. वर आपण ढकललं की त्याला स्वतःचं दुखणं बोलून दाखवायची लाज वाटायला लागते. आणि धावपटूने दुखणं लपवलं की साधी इजा मोठी होते.

स्नायू दुखणं, पाय भरून येणं, जिना उतरताना चेहरा वाकडा होणं हे लांब धावण्यानंतर होतंच, दोन-तीन दिवसांत जातं. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून "इथेच" असं दाखवता येणारं दुखणं, रात्री झोपेतही जाणवणारं दुखणं, किंवा चालताना लंगडायला लावणारं दुखणं दिसलं, तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. अशी चीर वेळेवर कळली तर बहुतेकदा सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. दामटून धावलं तर हाड पुरतं मोडू शकतं.

इथे मला टेरी फॉक्स आठवतो. कॅनडाचा हा मुलगा 18 वर्षांचा असताना हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा एक पाय कापावा लागला. उपचारांच्या काळात वॉर्डातली कॅन्सरची लहान मुलं त्याने पाहिली आणि 1980 मध्ये कृत्रिम पाय लावून तो संशोधनाच्या निधीसाठी देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पसरल्याचं कळल्यावर 1 सप्टेंबरला तो थांबला. दुसरं टोक त्याला गाठता आलं नाही. पुढच्या जूनमध्ये तो गेला. आज जगभर त्याच्या नावाने लोक धावतात आणि निधी जमवतात, तो कुठे थांबला यावरून कुणी त्याला मोजत नाही. भावाचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा ही गोष्ट मी त्याला सांगितली. ती मी महिनाभर आधी सांगायला हवी होती.

मग म्हणायचं काय? "आज कसं वाटतंय?" एवढं विचारा आणि उत्तर पुरतं ऐका. "दुखत असेल तर सांग, मी डॉक्टरकडे बरोबर येते" हे वाक्य कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त बळ देतं.

देणगी आणि शर्यत यांची गाठ मारणं

"तू पूर्ण केलीस तर माझ्याकडून पाच हजार." मामा, काका, साहेब, सगळे कौतुकानेच म्हणतात. पण त्याचा अर्थ असा होतो, की याचा पाय मुरगळला तर एका मुलाची मदत हुकली. हे ओझं कुणाच्याही पायांवर टाकू नका. द्यायचेत तेवढे आत्ताच द्या. आणि निधी मागणाऱ्याने पहिल्याच निरोपात स्पष्ट लिहावं: "मी शर्यत पूर्ण करो वा न करो, तुमचे पैसे संस्थेकडे जाणारच आहेत." भावाने दुसऱ्या वर्षी ही ओळ घातली आणि त्याचा चेहराच मोकळा झाला.

दुसरं म्हणजे तोच निरोप अकरा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून "कृपया सढळ हस्ते मदत करावी" म्हणणं. ग्रुपवर अंगठे येतात, पैसे येत नाहीत. एकेकाला वेगळा निरोप लिहा किंवा फोन करा. पैशांचं काय होणार हे एका वाक्यात सांगा. ते सांगण्यासाठी आधी आपल्याला माहीत हवं.

आपल्याकडे "पोराला टाटाला नेलंय" एवढंच म्हटलं की सगळं कळतं. परळच्या टाटा रुग्णालयात विदर्भापासून बिहार-बंगालपर्यंतची कुटुंबं येतात. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा, आणि त्यातल्या मुख्य प्रकाराचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. औषधोपचाराचा काही भाग सरकारी योजनांतून निघतो. पण एवढा काळ मुंबईत राहायचं कुठे, खायचं काय, बापाची मजुरी बुडते त्याचं काय? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना आसरा देते. सेंट ज्यूड इंडिया ही संस्था त्यांना मोफत निवारा देते, कडल्स फाउंडेशन मुलांच्या आहाराकडे बघते. कुपोषित मुलाला किमो सोसत नाही, म्हणून अंडं, दूध, डाळ हाही उपचारच. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, आणि अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत 30 टक्क्यांहून कमी. उशिरा निदान आणि उपचार अर्ध्यावर सुटणं ही त्यामागची मोठी कारणं आहेत. उपचार अर्ध्यावर सुटू नयेत यासाठी निवारा आणि जेवण लागतं. हे समोरच्याला सांगितलं की पाचशे रुपयेसुद्धा मनापासून येतात.

करसवलतीबद्दल लोक विचारतातच. देणगीवरची करवजावट, जिला लोक 80जी म्हणतात, जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि 2,000 रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. म्हणून रोख गोळा करून भावाच्या खात्यात भरू नका. देणगीदाराला संस्थेच्या किंवा शर्यतीच्या अधिकृत निधीपानावरूनच थेट द्यायला सांगा, म्हणजे पावती त्याच्या नावाने येते.

मुलांचे फोटो फिरवणं

केस गेलेल्या मुलाचा फोटो टाकला की देणग्या येतील, असं वाटतं. ते मूल उद्या बरं होऊन शाळेत जाणार आहे, मोठं होणार आहे. संस्थेने पालकांच्या संमतीने दिलेलं साहित्य सोडून दुसरं काही वापरू नका. "बिचारी मुलं" हा शब्दही टाळा. वॉर्डात जाऊन धावपटूला "प्रेरणा" मिळवून द्यायचा बेत तर करूच नका. किमो चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती इतकी कमी असते, की आपली साधी सर्दी त्याला जिवावर बेतू शकते.

घरात धावपटूची कोंडी करणं

शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. म्हणजे सगळ्यात लांब धावा, 28-32 किलोमीटरच्या, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात. नेमकी तुळशीचं लग्न उरकल्यावरची लग्नसराई! शनिवारी रात्री हळदीला बारापर्यंत बसवायचं आणि रविवारी पहाटे चारला त्याने उठायचं, हे जमत नाही. आम्ही आईच्या पुढाकाराने ठरवलं होतं, की शनिवारी तो अक्षतांना येईल, जेवेल आणि नऊला निघेल. नातेवाइकांना उत्तरं आई द्यायची. त्याला एकट्याला सगळ्यांसमोर सफाई द्यायला लावू नका.

शेवटचे दोन-तीन आठवडे सराव मुद्दाम कमी करतात, म्हणजे शरीर भरून निघतं. घरचे म्हणतात, "काय रे, आता घरीच? गळाठलास का?" याच काळात धावपटू आधीच बिथरलेला असतो, नसलेली दुखणी जाणवतात. त्याला झोपू द्या.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यातच संक्रांत येते. गुळपोळी आणि तिळगूळ खुशाल द्या, पण शुक्रवार-शनिवारी तुपाची धार, तिळाचा भरणा आणि उसळी नकोत. पोट जड होतं आणि पहाटे त्रास देतं. शनिवारी रात्री लवकर वरण-भात, रोजच्या हातचा. पाहुण्यांनी आणलेलं नवं काही नको.

शर्यतीच्या दिवशी चुकीच्या जागी, चुकीचं ओरडणं

पहाटे सुरुवातीच्या ठिकाणी सगळे जातात, फोटो काढतात आणि नाश्त्याला घरी येतात. तिथे त्याला तुमची गरज नसते. शरीरातला साखरेचा साठा तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो, तेव्हा पाय दगडासारखे होतात. तिथे उभे राहा. मुंबईत वर्षानुवर्षं धावपटूंनी धसका घेतलाय तो पेडर रोडच्या चढाचा, परतीच्या वाटेवर येणारा. पण मार्गात बदल होतात, त्यामुळे त्या वर्षीचा नकाशा पाहून जागा ठरवा आणि ती त्याला आदल्या रात्री सांगा: "अमुक सिग्नलच्या डाव्या बाजूला, पिवळी ओढणी." तो तीस किलोमीटर त्या पिवळ्या ओढणीची वाट बघत येतो. रस्ते बंद असतात, रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असू शकतो, तेव्हा लवकर निघा.

"आता थोडंच राहिलं!" म्हणू नका. सात किलोमीटर राहिलेल्याला ते थोडं नसतं. "जोरात पळ" तर नकोच, त्याचा वेग त्याने महिनोन् महिने ठरवलेला असतो. नावाने हाक मारा. "छान चाललंय, खांदे सैल सोड" एवढं पुरतं. चालायला लागला असेल तर चार पावलं बाजूने चाला.

हातात काय द्यायचं हे आधी त्याला विचारून ठरवा. संत्र्याच्या फोडी, चिमूटभर मीठ, ओला रुमाल, त्याने सरावात खाल्लेले खजूर. दुखणं थांबवायची गोळी देऊ नका, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडांना इजा करू शकतात. प्रत्येक वळणावर "पाणी पी, पाणी पी" म्हणून बाटल्याही रिचवायला लावू नका. तहानेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं मीठ धोकादायक पातळीवर उतरतं. बोटं सुजणं, डोकं ठणकणं, उलट्या, असंबद्ध बोलणं दिसलं, किंवा तो झोकांड्या खात असेल, छातीत दुखतंय म्हणाला, तर प्रोत्साहन बंद. त्याला थांबवा आणि वैद्यकीय पथकाच्या स्वाधीन करा. तो "मुलांसाठी पूर्ण करायचंय" म्हणेल. तेव्हा ठामपणे सांगा, "पैसे पोचलेत. चल."

काही अडलंच तर

निधी अर्ध्यावर अडकला असेल, तर धावपटूला आणखी फोन करायला लावू नका. यादी तुम्ही घ्या, तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना तुम्ही विचारा. त्याने धावावं, मागण्याचं काम घराने वाटून घ्यावं.

शर्यतीआधी आठ दिवस तो "मला नाही जमणार" म्हणाला, तर वाद घालू नका. त्याच्या सरावाची वही काढा आणि जूनपासूनचे किलोमीटर दोघांनी मिळून बेरीज करा.

आणि शर्यत संपल्यावर "किती वेळ लागला? कितवा आलास?" हा पहिला प्रश्न नको. भेटायची जागा आधी ठरलेली असू द्या, कारण गर्दीत फोन लागत नाहीत. बरोबर कोरडा शर्ट, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी आणि चपला न्या. त्याला कडेला बसवा, आणि बुटांच्या नाड्या तुम्ही सोडा, त्याला वाकता येणार नाही.