खुर्चीचं भाडं कुणी भरायचं?

माझ्या पहिल्या पगाराच्या चेकला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. मालकिणीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: चेअर 120, दोरा-वॅक्स-टॉवेल 45, ॲप्रन 30. एकूण 195 डॉलर वजा. दोन आठवडे उभं राहून आयब्रो केल्या, मान आखडली, आणि ज्या खुर्चीत माझं गिऱ्हाईक बसलं तिचं भाडं मीच भरलं. "इथे असंच असतं गं," असं ती म्हणाली आणि मी मान हलवली. इथे कसं असतं हे मला कुठे माहीत होतं?

मी 2016 साली एच-4 वर (एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात आले. नाशिकला पार्लरचा कोर्स केलेला होता आणि ईएडी, म्हणजे नोकरी करायचा परवाना, नुकतं हातात पडलं होतं. आता दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवी मुलगी मला हाच प्रश्न विचारते, फक्त आकडे वाढलेले असतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम वेगळे असतील, ते बघून घ्या.

पहिल्या दिवशी एकच गोष्ट बघा: अपॉइंटमेंटची वही कुणाच्या हातात आहे? दर कोण ठरवतं, गिऱ्हाईक पैसे कुणाला देतं, सोमवारी सुट्टी हवी असेल तर विचारावं लागतं की नुसतं सांगितलं तरी चालतं? सलूनमध्ये खुर्ची भाड्याने घेऊन स्वतंत्र धंदा करणाऱ्या बायका इथे भरपूर आहेत आणि त्यात काहीच गैर नाही. पण त्यांचं गिऱ्हाईक त्यांचं असतं. दर आणि वेळ त्या ठरवतात, पैसे थेट त्यांच्याकडे येतात, बिझनेस लायसन्स त्यांच्या नावावर असतं. 1 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या एबी 5 कायद्यात स्वतंत्र व्यावसायिक कुणाला म्हणायचं त्याच्या अटी आहेत, आणि सलूनवाल्यांसाठीच्या अटी साधारण याच आहेत. वही मालकिणीकडे, दर तिचे, गल्ला तिचा, आणि भाडं मात्र तुमच्याकडून, असं असेल तर तुम्ही नोकर आहात. तुम्हाला 1099 (स्वतंत्र व्यावसायिकाला देतात तो कराचा फॉर्म) दिला म्हणून त्यात फरक पडत नाही.

एकदा नोकर ठरलात की खर्च मालकाचा. लेबर कोडचं, म्हणजे राज्याच्या कामगार कायद्याचं, कलम 2802 सांगतं की कामासाठी करावा लागलेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा. कलम 221 नुसार दिलेला पगार कुठल्याही नावाखाली परत काढून घेता येत नाही. दोरा, वॅक्स, टॉवेल, पावडर, खुर्ची, वीज हे सगळं दुकानाचं. ठरावीक रंगाचा, दुकानाचं नाव असलेला ॲप्रन हा गणवेश झाला, तोही दुकानाचा. साधी काळी पँट घालून या म्हणाले तर ती मात्र तुमची. आणखी एक अपवाद लक्षात ठेवा, नाहीतर उगाच भांडाल: ब्यूटी सलूनमध्ये कात्री, कंगवा, क्लिपा, आयब्रोचा चिमटा अशी हातातली हत्यारं स्वतःची आणायला सांगता येतं.

"पण मी सही करून बसले," असं बहुतेक जणी म्हणतात. 2802 च्या हक्कावर पाणी सोडणारा करार कायद्याने रद्दच मानला जातो, कलम 2804 त्याचसाठी आहे. त्यामुळे सही झाली म्हणून हातपाय गाळू नका.

टिपचंही सांगते, कारण तिथे फार गुपचूप कापाकापी चालते. टिप तुमची. मालकीण तिच्यात वाटा मागू शकत नाही, ती पगारात धरून किमान वेतन कमी करू शकत नाही, आणि कार्डावर आलेल्या टिपमधून कार्ड कंपनीचं शुल्कही कापू शकत नाही. राज्याचं किमान वेतन 1 जानेवारी 2026 पासून तासाला 16.90 डॉलर आहे. बे एरियातल्या बऱ्याच शहरांचं स्वतःचं वेतन याहून जास्त असतं, तेव्हा आपल्या शहराचा आकडा बघा. अपॉइंटमेंटा तुमच्या स्वतःच्या फोनवरून घ्यायला लावत असतील तर त्या बिलाचा वाजवी हिस्साही मागता येतो. प्लॅन अनलिमिटेड असला तरी!

ट्रेनिंगचे पैसे हा नवा प्रकार. "आम्ही शिकवलं, सहा महिन्यांच्या आत सोडलंस तर 800 डॉलर भर." 1 जानेवारी 2026 पासून केलेल्या करारांत अशी अट घालायला कॅलिफोर्नियात बंदी आहे, थोडे ठरावीक अपवाद सोडून. मात्र ट्रेनिंग आणि लायसन्स यांत गल्लत करू नका. वॅक्सिंग, फेशियलसाठी एस्थेटिशियनचं लायसन्स लागतं, त्याचा 600 तासांचा कोर्स असतो आणि त्याची फी आपणच भरायची.

नवरेमंडळींनीही जरा कान द्या. एच-1बीच्या अर्जाची फी आणि त्यासाठीच्या वकिलाची फी कंपनीने तुमच्याकडून वसूल करायची नसते. प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवलं तरी पगार चालू राहायला हवा. "गेस्ट हाउसचं भाडं कापतोय" म्हणाले तर कशाला लेखी संमती दिलीत ते आधी वाचा.

आता तक्रारीचं. दर पगाराला पे स्टब, म्हणजे पगाराची पावती, मागा. तास, दर, कपात आणि मालकाचं नाव-पत्ता त्यावर असायलाच हवा. चिठ्ठ्या फेकू नका, फोटो काढा. रोजचे तास आपल्या वहीत लिहा, मराठीत लिहिले तरी चालतात. लेबर कमिशनरकडे, म्हणजे पगाराच्या तक्रारी बघणाऱ्या राज्याच्या कार्यालयाकडे, दावा लावायला फी नाही, वकील लागत नाही, व्हिसा कोणता हे विचारत नाहीत, दुभाषी मोफत मिळतो. सॅन होजे आणि ओकलंडला त्यांची कार्यालयं आहेत. "इमिग्रेशनला कळवीन" अशी धमकी देणं हाच वेगळा गुन्हा धरला जातो. आणि एच-4 चं ईएडी कुठल्याही मालकाशी बांधलेलं नसतं. सलूनवालीने काढून टाकलं तर नोकरी जाईल, स्टेटस जाणार नाही. मला हे ठाऊक असतं तर मी त्या पिवळ्या चिठ्ठीसमोर मान हलवली नसती.

बेकायदा कपातीसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं. मी ते सलून सात महिन्यांनी सोडलं. मालकीण दिवाळीला फराळाचा डबा द्यायची, मुलाला बरं नव्हतं तेव्हा स्वतः गाडीने सोडायला आली होती, मग तक्रार करायला जीभ रेटेना. चौदा चिठ्ठ्या आहेत, मसाल्याच्या रिकाम्या डब्यात. बेरीज दोन हजार सातशे तीस. मुदत 2020 मध्येच संपली.