सेप-आयआरएत जास्तीचे पैसे गेले? या चुका टाळा

अमेरिकेत डब्ल्यू-२ (पगारी) नोकरी सोडून १०९९ वर, म्हणजे स्वतंत्रपणे, कन्सल्टिंग सुरू केलं की आपल्या लोकांचा एक घोळ ठरलेला असतो. सेप-आयआरएत (स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं रिटायरमेंट खातं) २५ टक्के टाकता येतात एवढं कुठेतरी ऐकलेलं असतं, मग वर्षाला एक लाख डॉलर नफा दिसला की २५,००० टाकून मोकळे. मी पण पहिल्या वर्षी हेच करून बसलो होतो.

तो २५ टक्के पगारावरचा आकडा आहे. आपण स्वतःच मालक असलो की पगार कुठला, तर नफ्यातून सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा (स्वतःच्या धंद्याच्या नफ्यावरचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कर) अर्धा भाग आणि खात्यात टाकलेली रक्कम, म्हणजे हे काँट्रिब्यूशनसुद्धा वजा करून उरतं ते, त्यामुळे गणित फिरून २० टक्क्यांवर येतं. लाखाचंच बघा. हा टॅक्स नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवर लागतो, म्हणजे ९२,३५०, त्यावर १५.३ टक्के म्हणजे साधारण १४,१३० टॅक्स, अर्धा ७,०६५, तो लाखातून काढला की राहिले ९२,९३५, आणि त्याचे २० टक्के १८,५८७. म्हणजे ६,४१३ डॉलर फुकट जास्तीचे गेले! आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) पब्लिकेशन ५६० मध्ये याचं वर्कशीट आहे, कंटाळवाणं आहे पण भरा.

आता चूक लक्षात आल्यावरची चूक, आणि माझ्या मते ही जास्त महागात पडते. घाबरून ब्रोकरच्या (खातं सांभाळणारी कंपनी) वेबसाइटवर जायचं आणि साधं विथड्रॉवल मारायचं. असं केलंत तर ती रिटायरमेंटची रक्कम काढली असं धरलं जातं, वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर १० टक्के पेनल्टीचं लचांड मागे लागतं. ब्रोकरला फोन करून 'एक्सेस काँट्रिब्यूशन (मर्यादेपेक्षा जास्त टाकलेली रक्कम) काढायचंय' असंच सांगायचं, त्याचा वेगळा फॉर्म असतो. जास्तीच्या रकमेवर झालेली कमाईपण सोबत काढावी लागते, तिचा हिशोब तेच करतात, आणि मार्केट पडलं असेल तर टाकले त्यापेक्षा कमीच परत येतात. कमाईवर इन्कम टॅक्स बसतो.

हे सगळं टॅक्स रिटर्नच्या तारखेच्या आत करायचं, एक्सटेन्शन (मुदतवाढ) घेतलं असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत. राहून गेलं तर फॉर्म ५३२९ वर जास्तीच्या रकमेच्या ६ टक्के दंड, म्हणजे वरच्या उदाहरणात ३८५ डॉलर, आणि हे एकदाच नाही हां, पैसे तिथे पडून आहेत तोवर दरवर्षी. शिवाय फॉर्म ५३३० वरचा १० टक्के एक्साइज टॅक्सही लागू शकतो. पुढच्या वर्षी कमी टाकून भरपाई करता येते, पण मधल्या वर्षाचा दंड काही माफ होत नाही.

अजून एक, स्वतःचं काँट्रिब्यूशन शेड्यूल सी वर (रिटर्नमधला धंद्याच्या नफा-तोट्याचा फॉर्म) खर्च म्हणून दाखवू नका, ते शेड्यूल १ वर (वैयक्तिक वजावटींचा फॉर्म) जातं.

सोलो ४०१(के) (एकट्याच्या धंद्यासाठीचा रिटायरमेंट प्लॅन) वाल्यांचं दुखणं वेगळं. दिवसा नोकरी, रात्री साइड प्रोजेक्ट, दोन्हीकडे प्लॅन, आणि दोन्हीकडे फुल टाकायचे असं वाटतं. कर्मचारी म्हणून टाकायची मर्यादा (२०२५ ला २३,५००, पन्नाशीच्या आत) ही माणसाला आहे, प्लॅनला नाही. डब्ल्यू-२ (नोकरीतल्या पगाराचा वार्षिक फॉर्म) च्या बॉक्स १२ मध्ये कोड डी समोर नोकरीतले किती गेले ते दिसतं, ते जानेवारीतच बघून घ्या, कारण इथे जास्तीचे पैसे १५ एप्रिलच्या आत बाहेर काढावे लागतात आणि एक्सटेन्शनचा काही उपयोग होत नाही. ती तारीख चुकली की त्याच पैशावर दोनदा टॅक्स, टाकले त्या वर्षी एकदा आणि काढाल तेव्हा परत. मालक म्हणून टाकायचा वाटा मात्र वेगळा मोजतात, तो साइडच्या नफ्यावर टाकता येतो.

मी आता डिसेंबरात सेपमध्ये एक डॉलरही टाकत नाही. रिटर्नच्या तारखेपर्यंत मुदत असतेच, आणि लॅपटॉपचं एखादं विसरलेलं बिल फेब्रुवारीत सापडलं तरी नफ्याचा आकडा हलतो, म्हणून आधी शेड्यूल सी पक्का करतो आणि मगच ट्रान्सफर.